तुरपाई संपेपर्यंत

पडद्यांच्या त्या दुकानात दुपारी पाऊल टाकलं की किती वाजले असतील याचा अंदाजच लागायचा नाही. पुढच्या काचेपासून मागच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत छताला दांड्या, आणि दांड्यांना पडदेच पडदे. ऊन आत शिरायचं ते एका पडद्यातून पिवळं होऊन, दुसऱ्यातून हिरवं होऊन, आणि मागच्या कापायच्या टेबलापाशी पोचेपर्यंत बिचारं दमून बसायचं. चढ्या आवाजाची गिऱ्हाइकंसुद्धा आत आली की आपोआप हळू बोलायला लागायची.

दुकान दोघी बहिणींचं. थोरली ताई, जिला सगळी गल्लीच ताई म्हणे. धाकटी छोटी. छोटीनं चाळिशी ओलांडली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण नाव एकदा पडलं ते पडलं. ताई कापायची, छोटी मशीनवर शिवायची. खालच्या काठाची तुरपाई मात्र दोघी हातानंच घालायच्या, एक या टोकाकडून, दुसरी त्या टोकाकडून. मशीनची टीप वरून दिसते आणि पडदा नीट पडत नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. आई जाऊन जमाना झाला. छोटी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती, आणि ताई जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली. तिनंच मग दुकान सांभाळलं, छोटीला सांभाळलं, आणि आईचं ते म्हणणंही सांभाळलं.

तुरपाईच्या वेळी मशीन बंद असायचं, आणि मशीन बंद झालं की ताईची कादंबरी सुरू व्हायची. आदल्या दिवशी जेवढं वाचून झालं असेल तेवढं ती दुसऱ्या दिवशी सांगायची. नियम एकच. दोघींच्या सुया मध्यावर भेटल्या, दोरा तुटला, की गोष्ट थांबली. नायिका कड्याच्या टोकावर उभी असली तरी तिनं तिथंच उभं राहायचं, दुसरा पडदा येईपर्यंत. छोटीनं यावर लहानपणीच एक उपाय शोधून काढला होता. ऐन रंगात आलं की ती टाके बारीक घालायची. ताईला ते कळायचं, पण ती कधी बोलली नाही.

आता ताईच्या वाचनाबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही उमगायचं नाही. लोकांच्या तोंडी असलेली एकही नवी कादंबरी तिच्या हातून सुटायची नाही. पुस्तकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, लेखकांची तर त्याहून नाहीत. ती आपली स्वतःची नावं ठेवायची. ज्याच्यासाठी वाचनालयात रांग लागली होती ते जाडजूड पुस्तक म्हणजे "जुळ्यांचा घोळ". त्यावर तिचं मत असं की घेर भरपूर, अस्तर नाही. "खिडकीतला शहाणा" वाचताना तर तिचा जीव नुसता मेटाकुटीला आला. नायक सबंध पुस्तकभर खिडकीत उभा राहून आठवणी काढतो. याला कामधंदा नाही का, ताई विचारायची, आणि हा खिडकीत उभा असताना घरातली भांडी कोण घासतं? खुनाच्या कादंबऱ्यांत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्या माणसाला लेखक उगाचच दोनदा चहा पाजतो आणि तरी त्याच्याबद्दल काही सांगत नाही, तो खुनी. बहुतेक वेळा निघायचाही तोच. रडक्या कादंबऱ्यांवर ती सगळ्यात जास्त उखडायची. शेवट सुचला नाही की मारतात एकाला, म्हणायची. हे सांगताना तिचं नाक लाल असायचं, कारण आदल्या दिवशी त्याच मेलेल्यासाठी ती पोटभर रडलेली असायची.

पण तिचा खरा राग होता पडद्यांवरून. सगळे लेखक एकजात आंधळे, हे तिचं ठाम मत. वारा आला आणि पडदा हलला, असं लिहून मोकळे होतात. अरे पण कसला पडदा? जाळीचा, का जाड? अस्तर आहे का नाही? जाड अस्तराचा पडदा काय त्या एवढ्याशा झुळकीनं हलतोय? नायिका पडद्याआड लपते म्हणे. घेर दुप्पट असल्याशिवाय पडद्याआड मांजरसुद्धा लपणार नाही. आजवर इतकी पुस्तकं वाचली, पण खालच्या दुमडीकडे बघणारा एक माईचा लाल भेटला नाही, असं ती दर दोन-तीन पुस्तकांमागे म्हणायचीच. छोटी हसायची आणि हो ला हो करायची. तिचं आणि पुस्तकांचं जन्मात जमलं नव्हतं. तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे. तिला पुस्तक हवं असायचं ते ताईच्या तोंडून.

दुकानात येणारं तिसरं माणूस म्हणजे दांडीवाला. पडदे शिवून झाले की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दांड्या ठोकायचं काम त्याचं. नाव दांडीवाला, पण इतक्या वर्षांत गड्यानं एक दिवस दांडी मारली नाही. उंच, सावकाश चालणारा, आणि बोलायचा तर असा मोजून की वाटावं शब्दांनासुद्धा भोकं पाडावी लागतात. भिंतीवर रेघ मारायच्या आधी तो पातळी बघायची पाणसळ लावायचा आणि काचेतला तो बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा. छोटी दांडीचं दुसरं टोक धरून उभी असायची. तिचाही श्वास आपोआप थांबायचा. असं करत करत कधी काय झालं ते दोघांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

मग एका रिकाम्या घरात, रंगाचा वास अजून गेला नव्हता अशा खोलीत, स्टुलावर उभ्या उभ्या त्यानं तोंडातले स्क्रू काढून तळहातावर घेतले आणि छोटीला विचारलं. समुद्रकाठी त्याचा भाऊ होड्या दुरुस्त करतो, हाताखाली माणूस हवंय, तो तिकडं जाणार होता. तुम्ही याल का, म्हणाला, म्हणजे लग्न करून. छोटीच्या हातातलं दांडीचं टोक खाली आलं आणि पाणसळीतला बुडबुडा पार एका कडेला पळाला. ताईला विचारते, एवढंच ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि स्क्रू परत तोंडात धरले.

ताईला विचारायचं म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठाऊक. जिनं आपल्यासाठी सगळं बाजूला ठेवलं, जिच्याकडे लोक मागणी घालायला येऊन परत गेले, तिला जाऊन सांगायचं की मी चालले? आज सांगू, उद्या सांगू करत छोटी मूग गिळून बसली. आणि तेवढ्यात ताईच्या डोळ्याचं ते झालं.

सकाळी चहा पिता पिता ताई म्हणाली की उजव्या डोळ्यात खालून काळा पडदा वर येतोय. छोटीला वाटलं थट्टा करतेय. ताई म्हणाली, थट्टा नाही गं, आणि शिवणही वाकडी आहे. डॉक्टरांनी तपासलं, आतला पडदा सुटलाय म्हणाले आणि तिथंच ठेवून घेतलं. शस्त्रक्रिया झाली. सुटलेला पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला, आणि बजावून सांगितलं की आता दिवसभर तोंड खाली करून पडायचं, बुडबुडा विरेपर्यंत वाचायचं नाव काढायचं नाही. डावा डोळा लहानपणापासून नावालाच होता. म्हणजे पुस्तकं बंद.

ताई घरी आली त्या दिवशी दांडीवाला न सांगता आला. कापायच्या टेबलाच्या टोकाला त्यानं तोंड मावेल एवढी लाकडाची एक गोल कडी बसवली, तिला जाड फोम गुंडाळला, पाणसळ लावून बघितली आणि गेला. टेबलावर गादी टाकली. ताई पालथी पडायची, तोंड त्या कडीत, खाली फक्त जमीन. जमिनीवर दोऱ्याचे तुकडे, खडूची भुकटी, आणि खुर्चीत बसलेल्या छोटीचे पाय. एवढंच ताईचं जग उरलं. बुडबुडा डोळ्यात डुचमळायचा, त्याच्या कडेनं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. डोळ्यात पाणसळ बसवलीय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण ती चुकून एकदासुद्धा कुरकुरली नाही, आणि तेच छोटीला बघवत नव्हतं. पुस्तक नसलेली ताई तिनं कधी बघितलीच नव्हती. तेव्हा तिनं एक आगाऊपणा केला. मी वाचते आणि तुला सांगते, म्हणून बसली.

वाचनालयवाल्या काकांनी नवी कोरी कादंबरी दिली. जो तो तिच्याबद्दलच बोलत होता म्हणे. छोटीनं दुपारचं जेवण झाल्यावर पुस्तक उघडलं. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, त्यात म्हातारा बाप आणि मुलगी, दूरवर एक जहाज. दहा-बारा पानं झाली आणि पुस्तक तिच्या नाकावर आडवं झालं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच.

तुरपाईची वेळ झाली. निळा पडदा होता, चांगला रुंद, आणि आता दोन्ही टोकं एकट्या छोटीकडे. तिनं सुईत दोरा ओवला आणि दीपगृह सांगितलं. बाप सांगितला, मुलगी सांगितली, जहाज सांगितलं. बघते तर चौथा हिस्सासुद्धा काठ शिवून झालेला नाही आणि जवळचा माल संपला. टेबलावरून ताई म्हणाली, हं, मग? आता खरं बोलावं तर ताई हिरमुसणार. वेळ मारून न्यायची म्हणून ती म्हणाली की एक दिवस दीपगृहाचा मोठा दिवा बिघडला. आणि मग तो दुरुस्त करायला होडीतून एक माणूस आला.

एकदा तो आला म्हणताच पुढचं आपोआप येत गेलं. आपण एवढं बोलू शकतो हे छोटीला ठाऊकच नव्हतं. सुई आत जायची, बाहेर यायची, आणि प्रत्येक टाक्याबरोबर एकेक वाक्य. पडद्यांमधून गाळून आलेलं हिरवं ऊन जमिनीवर हलायचं. दारातून वारा शिरला की एका ओळीतले सगळे पडदे फुगायचे आणि सावकाश खाली बसायचे, आणि मग छोटीला खरोखरच वाटायचं की आपण खडकावर बसलोय, खाली पाणी चुबुकचुबुक करतंय, आणि टेबलावर कोणीतरी म्हातारं माणूस समुद्राकडे तोंड करून झोपलंय. तुरपाई संपली तेव्हा कुठं ती भानावर आली. ताई म्हणाली, बरी आहे गं ही, उद्या पुढचं वाच.

वाच म्हणजे काय, दुसऱ्या दिवसापासून छोटीनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. ते गल्ल्याच्या मागं पडून राहिलं. ती मशीनवर बसल्या बसल्या दीपगृहात जायची. मुलीची खोली कुठं, जिना कसा, दिवा पुसायला कुठलं फडकं, सगळं तिला दिसायचं. तिनं ते ताईला जसंच्या तसं सांगितलं. मुलीच्या खोलीला पश्चिमेकडे एकच खिडकी, तिला निळा जाड पडदा, घेर दुप्पट, आतून पांढरं अस्तर, खाली चार बोटं दुमड. आणि समुद्राचा वारा म्हणजे काय साधासुधा असतो का, म्हणून दुमडीच्या दोन्ही कोपऱ्यांत शिशाच्या गोळ्या शिवलेल्या. ताईनं हे ऐकलं आणि टेबलावरून नुसतं "हं" आलं.

मतं मात्र ताईनं रोजची रोज दिली, तिला कुठलं राहवायला. दिवेदुरुस्तीवाला तिला पसंत पडला. कमी बोलतो, म्हणाली, आणि पुस्तकातली कमी बोलणारी माणसं बहुधा लबाड असतात, पण हा हात स्वच्छ धुऊन जेवायला बसतो, तेव्हा हा लबाड नसणार. बापाचं तिला नीटसं कळेना. तो सारखा दिव्याकडे काय बघतो, त्याला काही वाटतं का नाही, लेखकानं त्याच्या मनात एकदा तरी डोकवायचं होतं. छोटीनं सुई बोटात टोचून घेतली. बापाच्या मनात काय आहे ते मुलीला माहीत नाही, म्हणून पुस्तकात नाही, असं तिनं कसंबसं सांगितलं. मग मुलगी कसली, ताई म्हणाली, एका घरात राहतात दोघं.

त्या मुलीबद्दलचं मत छोटीला सगळ्यात जास्त लागलं. ताई म्हणाली की पोरगी गुणाची आहे, पण सगळ्यांची काळजी करते आणि विचारत कोणालाच नाही. हा गुण वाटतो, पण अंगाशी येतो.

मधेच एकदा वाचनालयवाले काका टपकले. पुढचे वाचक खोळंबलेत, पुस्तक कधी देता, असं विचारायला. आले ते टेबलाशेजारी बसले आणि टेबलाखाली वाकून वाकून ताईच्या तोंडाकडे बघत बोलायला लागले. काय कादंबरी आहे, म्हणाले, आणि पाणबुडीचा भाग आला का, तिथं तर काय एकेक. कुठली पाणबुडी? तिच्या समुद्रात पाणबुडीच नव्हती. हातातला पडदा घट्ट धरून ती बसून राहिली, आता सगळं उघडं पडणार म्हणून. पण ताईच मधे पडली.

"काका, पुढचं सांगू नका. माझी ऐकून व्हायचीय अजून."

काकांनी जीभ चावली, चहा घेतला आणि गेले. छोटीचा जीव भांड्यात पडला. ताईनं आपल्याला वाचवलं हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दिवस चालले होते. बुडबुडा लहान होत होता. आधी मोठ्या वाटीएवढा दिसायचा तो आता मण्याएवढा झाला, असं ताई सांगायची. दांडीवाल्याचं सामान बांधून झालं होतं. एका दुपारी तो कडीचा स्क्रू ढिला झालाय का बघायला आला. स्क्रू पक्का होता. तो तरी उभाच राहिला. छोटी दारापर्यंत गेली तेव्हा तो म्हणाला की सोमवारी सकाळी निघतोय, तुमचं काही असेल तर त्याआधी सांगा, नसेल तरी राग नाही. छोटी म्हणाली की ताईचा डोळा असा, आत्ता कसं बोलू. त्यानं तिच्याकडे बघितलं. घाई नाही असं त्याला म्हणायचं होतं, पण घाई होती. तो सावकाश चालत गल्लीच्या टोकाला गेला आणि वळला. छोटीला रडू आलं ते तिनं दारातल्या पडद्याला पुसलं.

शनिवारी डॉक्टरांनी ताईला उठून बसायची परवानगी दिली. डोळा धरतोय म्हणाले. घरी आल्यावर छोटीनं खुर्ची पुढं केली, पण ताई म्हणाली, आजचा दिवस पडते तशीच, गोष्ट संपायचीय ना? आणि टेबलावर चढून तिनं तोंड कडीत घातलं.

त्या दिवशीचा पडदा पांढरा होता. छोटीनं पहिला टाका घातला आणि शेवट सांगायला लागली. तिनं ठरवलं काहीच नव्हतं. होडी आली. दिवेदुरुस्तीवाला हत्यारांची पेटी घेऊन पायऱ्या उतरला. खालच्या पायरीवर तो थांबला. मुलगी वर खिडकीत उभी होती, त्या निळ्या पडद्याला धरून. बाप दिव्यापाशी होता. तिनं बापाकडे बघितलं, त्याची पाठ दिसत होती, वाकलेली. ती खाली गेली नाही. होडी निघाली, लहान झाली, आणि तिन्हीसांजेला बापानं दिवा लावला तेव्हा पाण्यावर काहीच नव्हतं. मग मुलगी रोजच्यासारखी स्वयंपाकाला लागली. शेवटचे टाके तिनं न बघताच घातले, सुई थांबली, दोरा तुटला.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पडदे हलले आणि बसले.

"शेवट चुकला," ताई म्हणाली.

छोटीनं तुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"बापाला न विचारताच त्याच्यासाठी राहिली. आता त्या म्हाताऱ्यानं काय करायचं? रोज तिच्या तोंडाकडे बघायचं आणि रोज मनात म्हणायचं, माझ्यामुळं. त्याला विचारलं असतं तर तो रडला असता, चिडला असता, दोन दिवस जेवला नसता. पण सांगितलं असतं त्यानं, जा म्हणून. त्याला ते सांगायची संधीच दिली नाही तिनं. मला नाही आवडलं."

"पुस्तकात तसंच आहे," छोटी म्हणाली.

"पुस्तकात पाणबुडी आहे," ताई म्हणाली.

छोटीच्या मांडीवरून पडदा घसरला. ताई कडीतून जमिनीशीच बोलत होती, सावकाश, नेहमी एखाद्या कादंबरीबद्दल बोलावं तशी.

"जन्मभर पुस्तकं वाचली मी. अस्तर, घेर, चार बोटं दुमड, वर कोपऱ्यात शिशाच्या गोळ्या. असं लिहिणारा लेखक अजून जन्माला यायचाय. दुसऱ्याच दिवशी कळलं मला. मग म्हटलं, ऐकावं. आजवर मीच सांगत आले, तुझं कधी ऐकलंच नाही. आणि अगं, मला तोंड दिसत नव्हतं तुझं, पाय दिसत होते. तो दारात आला की तुझ्या पायाची बोटं आत वळतात."

छोटीनं खाली बघितलं. बोटं आताही आत वळलेली होती. तिला लाज वाटली, राग आला, आणि त्याच्याखाली कुठंतरी इतकं हलकं वाटलं की तिनं खुर्चीचा हात धरला.

"मला भीती वाटते," ताई म्हणाली. "वाटणार नाही होय? सकाळी उठून या एवढ्या पडद्यांत मी एकटी. कापायचं जमेल मला, खडूची रेघ हाताला लागते. काठ कोण शिवणार ते बघू. पण तुझ्या मनातलं मला पुस्तकातून कळावं, याचं जास्त वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं."

आता छोटी रडली, अगदी लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. ताईनं टेबलावरून एक हात खाली सोडला. तो हवेत चाचपत राहिला, छोटीचा गुडघा सापडेपर्यंत.

"सोमवारी जातोय ना तो?"

"हो."

"मग उसव."

छोटीला कळलं नाही.

"तुरपाई उसव. काठ संपला, गोष्ट राहिली. काठाशिवाय आपल्यात गोष्ट चालत नाही. उसव आणि परत घाल."

छोटीनं पडदा उचलला. ब्लेड घेऊन तिनं शेवटची गाठ कापली. इतक्या वर्षांत नीट घातलेली तुरपाई तिनं कधी उसवली नव्हती. एकेक टाका सुटत गेला, दोऱ्याचे पांढरे तुकडे जमिनीवर पडत गेले, बरोबर ताईच्या डोळ्यांखाली. ताई ते बघत होती. उरलेला तो मणी डोळ्यात हलत होता आणि तुकडे त्याच्या कडेनं पाण्यात पडल्यासारखे दिसत होते. काठ पुरता मोकळा झाला. छोटीनं दुमड पुन्हा घातली, नखानं दाबून घेतली, सुईत दोरा ओवला.

"त्या मुलीनं बापाला हाक मारली," ती म्हणाली.

"मुलीनं नाही," ताई म्हणाली. "नीट सांग."

छोटीनं पहिला टाका घातला.

"ताई, मला त्याच्याबरोबर जायचंय."

"हं," ताई म्हणाली. तिचा हात गुडघ्यावरच होता. "मग? पुढं?"

पुढं काय ते छोटीला सांगायचंच होतं. पडदा रुंद होता, ऊन अजून हिरव्या पडद्यापर्यंतच आलं होतं. तिनं दुसरा टाका घातला, आणि जुन्या सवयीनं तो बारीक घातला.